आधी दगड कुठला ते सांग

परवा भाचीचा फोटो आला. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना उरवाई दरवाज्याच्या बाजूला काढलेला. पिवळसर दगड, त्यावर एक केशरी डाग, शेजारी दुसरा करडा, तडकलेला, काळ्या किनारीचा, आणि कोपऱ्यात तिच्या चपलेचं टोक. चपलेवरून अंदाज केला तर केशरी डाग रुपयाएवढा असावा. खाली एकच ओळ: "मावशी, नाव सांग ना."

मी विचारलं, "केशरी डाग दगडावर आहे की दोन दगडांमधल्या चुन्यावर?"

उत्तराऐवजी कपाळावर हात मारणारं चित्र आलं. तिचं बरोबरच होतं म्हणा. फुलाचा फोटो पाठवला तर मावशी दोन मिनिटांत नाव सांगते, आणि इथे विचारलं डागाबद्दल तर मावशी दगडाच्या चौकशा करत बसते. पण या डागांच्या बाबतीत खरंच तसं आहे. ते कशावर वाढलंय हे कळलं की अर्धं काम होतं. नुसत्या रंगावरून नाव ठरवायला जावं तर बहुतेक वेळा फसायला होतं. मी स्वतः फसलेली आहे, ते पुढे येईलच.

हे आहे तरी काय

आपल्या घरातला माणूस या मंडळींना आधीच ओळखतो, फक्त मसाल्याच्या डब्यातून. गोड्या मसाल्यात दगडफूल पडतं ना, काळपट-करडं, कुरकुरीत, कागद जळून वळल्यासारखं? ते शैवाक. इंग्रजी शिकलेले लायकेन म्हणतात. बाजारात मिळणारं दगडफूल हे पानासारखं पसरणारं शैवाक असतं, आणि नावात दगड असला तरी त्यातलं बरंचसं डोंगराळ भागातल्या झाडांच्या सालींवरून गोळा केलेलं असतं. एका पुडीत दोन-तीन जातींची सरमिसळ सर्रास सापडते. किल्ल्यावरचा डाग त्याचाच भाऊबंद, फक्त दगडाला घट्ट चिकटून बसलेला.

शैवाक म्हणजे एक जीव नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे. घर बांधते बुरशी: तिच्या धाग्यांची वरची साल, आतला पोकळसर भाग, दगडात घुसलेली मुळांसारखी टोकं. शेवाळ त्या घरात सालीखाली पातळ थरात राहतं आणि उन्हावर साखर बनवतं. कधी शेवाळाच्या जागी निळं-हिरवं सायनोबॅक्टेरिया असतं. शैवाक हा शब्दच बघा, शैवाल आणि कवक दोन्ही त्यात दिसतात. ओल्या दगडफुलाचा वरचा पापुद्रा नखानं खरवडला तर आत बहुतेक वेळा हिरवट रेघ दिसते. तेच ते भाडेकरू.

सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६७ मध्ये ही जोडी असल्याचं मांडलं तेव्हा त्या काळातले शैवाकांचे मोठमोठे जाणकार त्याच्यावर तुटून पडले. जन्मभर ज्याला एक वनस्पती समजून नावं दिली, ती वनस्पतीच नाही हे कोणाला रुचणार? आज त्याबद्दल वाद उरलेला नाही. ओळख पटवणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवायचं, की शैवाकाचं शास्त्रीय नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव असतं. शेवाळाच्या थोड्याच जाती असंख्य शैवाकांत पुन्हा पुन्हा सापडतात, त्यामुळे भाडेकरूवरून घरमालक ओळखता येत नाही. बुरशीची ओळख तिच्या फळांत आणि बीजाणूंत असते, आणि ती फळं कित्येकदा मोहरीच्या दाण्याहूनही लहान. म्हणून हा सगळा खटाटोप.

शैवाकांच्या ठेवणी मुख्यतः तीन. झुडपासारखं लोंबणारं, पानासारखं पसरणारं, आणि खपलीसारखं. पानासारख्याला खालून साल असते, कडेला सुरी घातली तर ते उचलता येतं. खपलीला खालची सालच नसते. तिचे धागे थेट दगडाच्या कणांमध्ये शिरलेले असतात, दगडाचा कपचा काढल्याशिवाय ती निघत नाही. नखानं उचलून पाहा: कड सुटली तर पानासारखं, नखाला फक्त भुकटी लागली तर खपली. (हे स्वतःच्या घरच्या दगडावर करायचं. किल्ला १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारक आहे, तिथे नख, सुरी, छिन्नी काहीच चालवायचं नाही.)

आता माझी फजिती. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत एक दगड प्रयोगशाळेत नेला होता, त्यावर पांढरीशुभ्र, गोल, कडा दाट आणि मध्ये विरळ अशी सुरेख खपली. सरांनी भिंगातून पाहिलं, दगडावर चमचाभर पाणी टाकलं, दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले, "घर रंगवलंत का एवढ्यात?" रंगवलं होतं. दिवाळीचा चुना.

तेव्हापासून पाण्याची परीक्षा मी पहिली करते. कोरडं शैवाक झोपलेलं असतं. पाणी मिळालं की ते काही मिनिटांत जागं होतं, वरची साल पारदर्शक होते आणि आतल्या शेवाळाचा हिरवेपणा वर येतो. करड्या खपलीवर हिरवी झाक आली तर शैवाक असण्याची शक्यता चांगली. चुन्याचा शिंतोडा, कबुतराची विष्ठा, दगडातल्या लोखंडाचा गंजट डाग, यातलं काही हिरवं होत नाही. मात्र साल जाड असली किंवा केशरी रंग गडद असला तर हिरवेपणा नीट दिसत नाही, त्यामुळे उलट निष्कर्ष काढायची घाई नको. किल्ल्याच्या कड्यांवरून खाली उतरलेले काळे ओघळ लोक हटकून शैवाक समजतात. पावसाचं पाणी जिथून वाहतं नेमक्या त्या रेषेत ते असतात, आणि बहुतेक वेळा ते नुसत्या सायनोबॅक्टेरियाचे थर असतात, बुरशीच्या संसाराशिवायचे.

दगड

माझ्या पहिल्या प्रश्नाकडे परत येते, कारण सगळ्यात जास्त माहिती इथेच दडलेली असते आणि फोटोत ती हमखास सुटते.

ग्वाल्हेरचा किल्ला उभा आहे तो गोपाचल टेकडीवर, आणि ही टेकडी विंध्य समूहातल्या वालुकाश्माची. कोट्यवधी वर्षांपूर्वी साचलेली वाळू दाबली जाऊन झालेला हा दगड, पिवळा, बदामी, कुठे तांबूस. भिंगाखाली साखरेसारखे कण दिसतात, ते क्वार्ट्झचे. क्वार्ट्झ आम्लाला दाद देत नाही आणि त्यात चुना नसतो. पण या दगडांवर माणसानं भिंती बांधल्या त्या चुन्यात. म्हणजे एकाच भिंतीवर, बोटभर अंतरावर, दोन वेगळे देश आहेत: दगड आणि दरज. चुना अल्कधर्मी, दगड तसा नाही. शैवाकांच्या कित्येक जाती या दोनांपैकी एकातच नांदतात. चुनाप्रिय जात वालुकाश्मावर सहसा बसत नाही आणि वालुकाश्मावरची चुन्यावर जगत नाही. ओळखीच्या पुस्तकांमधल्या किल्ल्या, म्हणजे "असं असेल तर इकडे जा, तसं असेल तर तिकडे" अशा पायऱ्या, त्यात अगदी सुरुवातीलाच हा प्रश्न येतो. चुकीच्या दारातून आत गेलात की पुढची सगळी वाट चुकीची.

दगडात चुना आहे की नाही हे घरी कळतं. लिंबाचा एक थेंब टाकायचा आणि भिंग लावून पाहायचं. बारीक बुडबुडे सुटले तर चुना आहे. प्रयोगशाळेत यासाठी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, ते जोरात फसफसतं. लिंबू हळू बोलतं, पण बोलतं.

यात एक फसवी जागा आहे. वरच्या गिलाव्यातून चुना पावसाबरोबर खाली झिरपतो आणि खालच्या वालुकाश्मावर त्याचा पापुद्रा धरतो. तिथे चुनाप्रिय शैवाक दगडावर बसलेलं दिसतं आणि पाहणारा गोंधळतो. सिमेंटही याच जातीचं. आमच्या लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या जुन्या घरांना दगडी जाळ्या, दगडी पट्ट्यांची छतं आणि त्यावर कुठे कुठे नंतर केलेली सिमेंटची डागडुजी असते. म्हणून नोंद करताना नुसतं "दगडी भिंत" लिहून भागत नाही. दगड, दरज, गिलावा की सिमेंट, हे लिहायचं.

दगडाच्या जोडीला जागाही लिहायची. तोंड उत्तरेला की दक्षिणेला? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दक्षिणेकडचा उघडा दगड तेव्हा तव्यासारखा तापतो आणि त्यावर जगणारी मंडळी मोजकी. उत्तरेच्या, सावलीच्या बाजूला गर्दी जास्त. वर पक्षी बसतात का? त्यांच्या विष्ठेतलं नत्र आवडणाऱ्या जाती वेगळ्या, आणि पिवळ्या-केशऱ्या रंगाच्या बऱ्याच जणी त्यात मोडतात. छज्ज्याच्या आत, जिथे पाऊस थेट लागत नाही, तिथलं जग आणखी निराळं.

हे सगळं समजावल्यावर भाची पुन्हा किल्ल्यावर गेली. या वेळी फोटोत चपलेऐवजी पट्टी होती. केशरी डाग दरजेतल्या चुन्यावर होता आणि करडा दगडावर. एकाच फोटोतल्या दोन शेजाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. सराफ्यात दागिने पारखायला वापरतात ते उत्तम, मी माझं तिथूनच घेतलं. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि डोकंच दगडाकडे न्यायचं. रस्त्यावरची माणसं थांबून बघतात, त्याला इलाज नाही.

आधी खपलीचा पोत. कोणाची सलग, रंगाचा हात दिल्यासारखी. कोणाची आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी बारीक फाळ्यांत तडकलेली. कोणाची फक्त पीठ भुरभुरल्यासारखी. काही चुनखडीवरच्या जाती तर दगडाच्या आतच राहतात. बाहेर खपली जवळपास नसतेच, दगड नुसता जरा रंग बदललेला दिसतो आणि त्यात टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके. फाळ्यांच्या मधून किंवा कडेनं काळी रेघ दिसते का, तेही पाहायचं. ती काळी रेघ म्हणजे शेवाळ सोबत न घेता पुढे सरकलेले बुरशीचे धागे. दोन खपल्या एकमेकींना भिडतात तिथे ही रेघ शेताच्या बांधासारखी उभी राहते.

मग फळं. खपलीच्या ओळखीत यांच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. ती साधारण तीन तऱ्हांची.

पहिली तऱ्हा वाटीची. इथे पुरणपोळी आठवा. कणकेची पारी करून आत पुरण भरतो, मिटण्याआधी क्षणभर थांबलं तर काय दिसतं? मध्ये पुरण, भोवती कणकेची कड. काही शैवाकांच्या वाट्या अशाच: मधली चकती तपकिरी किंवा काळी, पण कड खपलीच्याच रंगाची, कारण ती कड खपलीच्याच पिठाची बनलेली असते आणि तिच्यात शेवाळही असतं. लेकॅनोरा या वंशात अशी वाटी दिसते. दुसऱ्या काही जणींमध्ये कणकेची कडच नसते, पुरणाचीच किनार पुरणाला. दिसायला काळ्या टिकलीसारखी, कडही काळीच. लेसिडिया आणि ब्युएलिया या वंशांत असं असतं. कड कणकेची की पुरणाची, एवढं एक नीट पाहिलं तरी अर्धं पुस्तक बाजूला ठेवता येतं. म्हातारी झालेली वाटी फुगते आणि कड झाकून टाकते, त्यामुळे तरुण वाट्या शोधून पाहाव्यात.

दुसरी तऱ्हा पुरलेल्या रांजणाची. फळ खपलीत किंवा दगडातच बुडालेलं, वर फक्त तोंड, काळ्या ठिपक्याएवढं. चुन्यावरची व्हेरुकेरिया अशीच. तिसरी तऱ्हा रेघांची: वळणदार, फाटे फुटलेल्या काळ्या रेघा. ग्राफिस वंशाचं हे लक्षण. घरातली जुनी मोडी कागदपत्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना भिंगाखाली हुबेहूब तीच घाईची लिखावट दिसेल. पण ग्राफिस प्रामुख्यानं झाडांच्या सालीवर, दमट भागात. आमच्या कोरड्या किल्ल्यावर ती शोधत बसू नये.

आणि फळंच नसली तर? पुष्कळ खपल्या फळं न धरता नुसती भुकटी सोडतात, त्या भुकटीच्या कणाकणात बुरशी आणि शेवाळ दोघंही बांधलेले असतात, वाऱ्यानं उडाले की नवा संसार थाटायला तयार. अशी निर्फळ खपली समोर आली तर मी वहीत वर्णन लिहून पुढे जाते.

थेंबभर परीक्षा

हळदीवर चुना पडला की ती लाल होते. कुंकू पूर्वी याच युक्तीनं करत. शैवाक ओळखणारेही तेच करतात, फक्त चुन्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी घेतात, साधारण शंभराला दहा या प्रमाणात. काडीच्या टोकानं अगदी बारीक थेंब, आणि भिंगातून नजर.

विल्यम नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञानं १८६६ मध्ये ही रासायनिक परीक्षा रूढ केली. त्याच वर्षी त्यानं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं आणि शहराची हवा यांचा संबंधही मांडला होता. एवढी तीक्ष्ण नजर असलेल्या या माणसानं श्वेंडेनरची जोडीची कल्पना मात्र कधीच मान्य केली नाही.

शैवाकं आपल्या अंगात शेकडो प्रकारची द्रव्यं बनवतात, त्यातली बरीच दुसऱ्या कुठल्याही सजीवात सापडत नाहीत. डोळ्यांना दोन खपल्या सारख्याच केशरी-पिवळ्या दिसतात, पण रंग आलेला असतो वेगळ्या द्रव्यातून. कॅलोप्लाका गटातल्या केशऱ्या खपल्यांत पॅरिएटिन आणि त्याच्या जातकुळीची द्रव्यं असतात. त्यांवर थेंब पडला की क्षणात गडद किरमिजी-जांभळा रंग उमटतो, पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. कँडेलेरिएला नावाची पिवळी खपली वेगळं द्रव्य वापरते. तिच्यावर थेंब टाकला तर काही होत नाही, झालंच तर मळकट तांबूस छटा. वालुकाश्मावरच्या पिवळ्या अकॅरोस्पोरावरही जांभळा रंग येत नाही.

दुसरा थेंब सोडियम हायपोक्लोराइटचा, म्हणजे कपड्यांचं ब्लीच. डिप्लोशिस्टीस या करड्या, खड्ड्यांसारख्या वाट्या असलेल्या खपलीला तो लाल करतो. रंग येतो आणि पुसलाही जातो, म्हणून नजर हलवायची नाही. ब्लीच जुनं झालं की त्याचा जोर जातो, बाटली उघडून वर्ष झालं असेल तर तिच्या "काही नाही"वर विश्वास ठेवू नये. ब्लीच आणि लिंबू किंवा कुठलंही आम्ल एकाच जागी कदापि नको, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर फार वाईट. हातमोजे आणि चष्मा हवाच. पॅराफिनिलीनडायअमीन नावाचं एक तिसरं रसायनही वापरतात. ते विषारी आहे, प्रयोगशाळेतल्या माणसांसाठीच सोडावं. त्याऐवजी नोटा तपासायचा अतिनील दिवा घ्या आणि रात्री दगडावर मारा. लायकेक्झँथोन नावाचं द्रव्य असलेल्या खपल्या पिवळ्या चमकतात, शेजारच्या विझलेल्याच राहतात. हा प्रकार मुलांना फार आवडतो.

आमच्या गच्चीच्या कठड्यावर, दगडी पट्ट्यांमधल्या जुन्या चुन्यावर, एक केशरी खपली आहे. भाची दिवाळीला आली तेव्हा आम्ही दोघींनी तिची पूर्ण चौकशी केली. लिंबाचा थेंब खपलीपासून दूर: बुडबुडे. खपली तडकलेली, कडेला फाळ्या जराशा लांबट. वाट्या केशरी, कड थोडी फिकट. पोटॅशियमचा थेंब: जांभळा. भाची ओरडलीच, "कळलं, कॅलोप्लाका!"

"गट," मी म्हटलं. "कॅलोप्लाका गट."

का, ते सूक्ष्मदर्शक सांगतो. वाटीचा दाढीच्या पात्यानं केसाएवढा पातळ काप घ्यायचा, पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवायचा आणि चारशेपट मोठा करून पाहायचा. (पहिले दहा काप वाया जातात. अकरावाही जाऊ शकतो.) आत लांबट पिशव्या उभ्या दिसतात, बहुधा प्रत्येकीत आठ बीजाणू. कॅलोप्लाकाचा बीजाणू विसरता न येणारा: दोन टोकांना दोन खोल्या, मध्ये जाड भिंत आणि भिंतीतून आरपार गेलेला एक अरुंद बोळ. कँडेलेरिएलात असा बोळ नसतो. अकॅरोस्पोराच्या एकेका पिशवीत शंभराहून जास्त बारकेसे बीजाणू, जणू खसखस भरली आहे. लेसिडिया आणि ब्युएलिया, ज्या भिंगाखाली दोघीही काळ्या टिकल्या, इथे लगेच वेगळ्या होतात: पहिलीचे बीजाणू बिनरंगी आणि एका खोलीचे, दुसरीचे तपकिरी आणि मध्ये पडदा असलेले.

म्हणजे वंशापर्यंत पोचलो. त्याच्या पुढे जातीपर्यंत जायचं तर बीजाणूंची मापं मायक्रॉनमध्ये, भिंतीच्या जाडीचं प्रमाण, द्रव्यं वेगळी करणारी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी (टीपकागदावर शाईचे रंग वेगळे करायचा शाळेतला प्रयोग आठवतो? त्याचीच थोरली बहीण), आणि हल्ली डीएनए. डीएनएनं तर घराण्यांच्या वाटण्याच केल्या. २०१३ मध्ये जुन्या कॅलोप्लाका वंशाची फोड होऊन कित्येक जाती वेगवेगळ्या वंशांत गेल्या. म्हणून मी "गट" म्हणते. जुन्या पुस्तकातलं नाव आणि नव्या यादीतलं नाव जुळत नसेल तर त्यात तुमची चूक नाही.

मोबाइलमधलं नाव सांगणारं ॲप याच जागी गडबडतं. त्याला दिसतो रंग आणि आकार. बुडबुडे, जांभळा थेंब, खोल्यांमधला बोळ यातलं त्याला काहीच दिसत नाही. त्यात युरोपातले फोटो जास्त, त्यामुळे ते आमच्या गच्चीवर खुशाल युरोपातली जात बसवतं.

भारतात या कामाची परंपरा चांगली आहे. लखनौचे धरणीधर अवस्थी यांनी भारत, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या बारीक शैवाकांची किल्ली १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. खपलीवाल्यांसाठी ती आजही उघडावीच लागते. लखनौच्याच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह आहे, आणि तिथल्या संशोधकांनी आपल्याच मध्य प्रदेशातल्या मांडवच्या वास्तूंवरची शैवाकं हवेतले धातू मोजायला वापरली आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही शैवाकांवर अनेक वर्षं काम झालं. तज्ज्ञाकडे नमुना पाठवायचा तर स्वतःच्या जागेतल्या सुट्या दगडाचा, छोट्या कपच्यासकट, कोरडा करून, कागदी पुडीत. प्लॅस्टिकमध्ये घातला तर ओल धरून त्यावर भलतीच बुरशी येते आणि तज्ज्ञाला तीच आधी भेटते.

लोक हमखास विचारतात, डाग किती जुना? कित्येक खपल्या वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. ऑस्ट्रियाच्या रोलँड बेशेलनं १९५० मध्ये यावरून हिमनद्यांनी सोडलेल्या दगडांचं वय काढायची रीत मांडली. ती चालते थंड प्रदेशात, जिथे एखाद्या जातीचा वाढीचा वेग ठाऊक आहे. आमच्याकडे उलट दिशेनं एवढंच म्हणता येतं: किल्ल्यावरचं चतुर्भुज मंदिर, ज्याच्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे, ते इसवी सन ८७६ च्या सुमारास कातळातून कोरलं. त्याच्या कोरीव पृष्ठभागावर खपली असलीच तर ती त्याहून जुनी असू शकत नाही. मध्ये कोणी घासूनपुसून काढलं असेल तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

घासण्यावरून आठवलं. आमच्या गल्लीत एकानं जुनी दगडी जाळी "स्वच्छ" करायला तारेचा ब्रश आणि संडास धुण्याचं आम्ल वापरलं. शैवाकाचे धागे आणि त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल दगडाचे कण हळूहळू सैल करतात हे खरं. पण त्याला दशकं लागतात, आणि काही ठिकाणी खपलीनं दगडाला पावसापासून आडोसाही दिलेला आढळतो. ब्रशनं ते काम एका दुपारी केलं. जाळीच्या नक्षीची धार गेली, दरजेतला चुना फसफसून बाहेर आला.

भाची दिल्लीला परत जाण्याआधी आम्ही कठड्याच्या सुटलेल्या कोपऱ्यातला एक कपचा पुडीत बांधला. चिठ्ठी तिनं लिहिली, पेन्सिलनं, कारण शाई ओलीनं पसरते. तारीख. ग्वाल्हेर, लष्कर, घराची गच्ची, उत्तरेचा कठडा. चुन्याची दरज, लिंबावर बुडबुडे. वर पारवे बसतात. खपली केशरी, तडकलेली. पोटॅशियमवर जांभळी. बीजाणू दोन खोल्यांचे, मध्ये बोळ. कॅलोप्लाका गट. त्यापुढे तिनं जातीसाठी जागा मोकळी सोडली.

"आणि किल्ल्यावरची? तीही हीच ना?" जाता जाता तिनं विचारलं.

"तिच्यावर थेंब टाकलाय का?"

तिनं वही उघडली आणि किल्ल्याच्या फोटोखाली लिहिलं: केशरी, चुन्यावर, उरवाईची बाजू.